गवताळ माळावरची शेलची चिकणमाती: पहिल्यांदा ओळखायला निघालेल्यांसाठी

शेल या गाळाच्या खडकाचा एक नरम, नखाने पापुद्रे सुटतील असा तुकडा चांगला वाळवा, पाण्याच्या वाटीत टाका आणि अर्धा तास दुसरं काही काम करा. परत याल तेव्हा वाटीतला दगड बहुधा गायब झालेला असेल. कडा ढासळलेल्या, तळाशी पातळ चकत्यांचा ढीग, वर गढूळ पाणी. बोट घातलंत तर चिखलच लागेल. सगळे शेल असे ढासळत नाहीत. चुन्याने किंवा सिलिकाने सांधले गेलेले तसेच बसून राहतात. पण ज्या शेलवर जाड चिकणमाती तयार होते तो बहुतेक वेळा पाण्यात टिकत नाही.

ही माती समजून घेण्याची किल्ली त्या वाटीत आहे. शेल म्हणजे मुळातला गाळच. संथ पाण्याच्या तळाशी बारीक कण बसत गेले, वरच्या थरांच्या वजनाने दाबले गेले आणि पापुद्र्यांचा खडक झाला. पुस्तकांत त्याला पंकाश्म म्हणतात, आणि ते नाव अगदी चपखल आहे. हा खडक उघड्यावर आला, त्याला पाणी आणि ऊन लागलं की तो पुन्हा चिखलाच्या वाटेला लागतो. बेसाल्टवर किंवा ग्रॅनाइटवर चिकणमाती व्हायची तर आधी मूळ खनिजं बदलावी लागतात, आणि ते फार सावकाश चालतं. शेलमध्ये चिकण आधीपासून भरलेली असते, ती फक्त मोकळी व्हायची बाकी असते. म्हणून ही माती कोवळ्या वयातही जड असते. त्या तळाच्या गाळात जे जे मुरलं होतं, म्हणजे क्षार, गंधक, ज्वालामुखीची राख, क्वचित सेलेनियम, तेही वारसाहक्काने वर येतं.

मातीचं वर्णन वरच्या थरापासून खाली लिहायची पद्धत आहे. लिहा तसंच, पण समजून घेताना खालून वर या. खालचा शेल कळला की वरच्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

या मातीचं एक चांगलं अभ्यासलेलं उदाहरण उत्तर अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्समध्ये आहे. क्रेटेशियस काळाच्या उत्तरार्धात त्या खंडाला उभं दुभागणारा एक उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साधारण 8 ते 7 कोटी वर्षांपूर्वी बसलेल्या गाळाचा खडक आज दक्षिण डकोटा आणि आजूबाजूच्या राज्यांत माळांखाली पसरलेला आहे. मीक आणि हेडन या भूशास्त्रज्ञांनी 1862 साली मिसुरी नदीकाठच्या फोर्ट पिअरवरून त्याला नाव दिलं, तोच पिअर शेल. त्यावरच्या मातीला तिथले लोक गंबो म्हणतात. पाऊस पडून गेल्यावर त्या मातीतून चाललं की चार पावलांत बुटांचं वजन दुप्पट होतं. पुढे मी मधूनमधून या भागाचे दाखले देणार आहे, पण पायऱ्या कुठल्याही शेलच्या माळाला लागू पडतील.

पायरी 1: कुदळ ठेवा, आधी माळ चालून घ्या

माळाचा माथा, माथ्यावरून उतार सुरू होतो तो खांदा, मधला उतार आणि पायथा असे चार भाग मनात आखून घ्या. शेलच्या माळावर मातीची जाडी या चार जागांवर अवलंबून असते आणि ती फार झपाट्याने बदलते. सपाट माथ्यावर मध्यम, खांद्यावर सगळ्यात कमी, पायथ्याला सगळ्यात जास्त. कारण सरळ आहे. शेल नरम असल्यामुळे खांद्यावरची माती जितकी तयार होते तितकीच वाहून खाली जाते. अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणात एकाच पिअर शेलवरच्या मातींना वेगवेगळी नावं आहेत ती मुख्यतः या फरकामुळेच. खांद्यावरची उथळ ती सॅमसिल, मध्यम खोलीची ती पिअर, खोल ती प्रॉमिस. तिथे ‘उथळ’ म्हणजे खडक 25 ते 50 सेंटीमीटरवर, ‘मध्यम खोल’ म्हणजे 50 ते 100 आणि ‘खोल’ म्हणजे त्याहून खाली.

चालताना नजर जमिनीवर असू द्या. खांद्यावर करड्या-हिरवट रंगाच्या, नखाएवढ्या चपट्या चकत्या विखुरलेल्या दिसतात, तो शेलच. बिळं करणाऱ्या प्राण्यांनी उकरलेली माती जरूर तपासा, फुकटात मिळालेला नमुना आहे तो. ढिगाऱ्यात चकत्या असतील तर खडक फार खाली नाही.

गवतही बोलतं. चिकण जाड असेल तिथे कंदासारख्या आडव्या खोडांनी पसरणारी उंच गवतं दाट असतात. पिअर शेलच्या भागात ती जागा वेस्टर्न व्हीटग्रासची, सोबतीला झुबक्यांनी वाढणारं ग्रीन नीडलग्रास. जास्त चराई झालेल्या ठिकाणी त्यांची जागा जमिनीलगत पसरणारी बुटकी गवतं घेतात. उथळ खांद्यावर झुबके तुटक आणि मधली जमीन उघडी. आणि पायथ्याजवळ कुठे गवतच नसलेला, कडक पापुद्रा धरलेला, पांढुरका चट्टा दिसला तर त्याची जागा वहीत टिपून ठेवा, सहाव्या पायरीत लागेल.

कोरड्या दिवसांत भेगा मोजा. वीतभर अंतरावर बोटभर रुंद भेगा असतील, आणि त्यांत घातलेली बारीक तार गुडघ्याइतकी खोल सहज जात असेल, तर फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीबद्दल फारशी शंका उरत नाही. काही ठिकाणी सपाट भागात उथळ खळगे आणि मधे उंचवटे असा लाटांसारखा नमुना असतो. त्याला गिलगाई म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत हा शब्द पाण्याच्या छोट्या खळग्यासाठी आहे. संध्याकाळी, ऊन तिरपं असताना हा नमुना दिसतो, भर दुपारी नाही.

पायरी 2: खड्डा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीच्या पायऱ्या एखादवेळी घाईत उरकल्या तरी चालतील.

दिवस निवडणं ही अर्धी लढाई. मी पहिला खड्डा मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी खणायला घेतला होता. माती फावड्याला अशी चिकटे की दर घावाला ती दुसऱ्या माणसाने खुरप्याने खरवडून काढावी लागे. चार तासांत गुडघाभर खड्डा झाला. त्याच्या भिंती फावड्याच्या पात्याने इतक्या लिंपल्या गेल्या होत्या की एकही खरा थर दिसेना. मग पुढच्या वेळी भर उन्हाळ्यात गेलो, तेव्हा कुदळ नुसती टणटण वाजली. माती वाफशावर असताना जा. ढेकूळ हातात दाबलं तर फुटावं आणि हाताला चिकटू नये, तो दिवस तुमचा.

एक मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि शेल लागेपर्यंत खोल, पण एक मीटरवर थांबा. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधाराशिवाय कधीही उतरू नका. या मातीत आतल्या आत तिरपे, गुळगुळीत घसरणीचे पृष्ठभाग असतात. उभी भिंत भक्कम वाटत असतानाच एखादी पाचर निसटून खाली येते. ज्या भिंतीवर ऊन पडतं ती भिंत वाचायला ठेवा आणि तिच्या वरच्या काठावर पाय देऊ नका, नाहीतर वरचा थर दाबला जातो.

भिंत फावड्याने गुळगुळीत करू नका. खुरप्याच्या टोकाने माती उचकटून काढा, म्हणजे ती आपल्या नैसर्गिक सांध्यांवर तुटते. आता वरून खाली काय दिसतं ते पाहा.

वरचे 10 ते 15 सेंटीमीटर: गवताच्या तंतुमुळांनी भरलेला, ओला असताना गडद करडा-तपकिरी थर. ढेकूळ बोटात चुरडलं तर बारीक दाणे सुटतात. हा दाणेदारपणा गवताच्या मुळांचं देणं आहे. दरवर्षी मुळांचा मोठा हिस्सा मरतो, कुजतो आणि मातीत मिसळतो. थंड प्रदेशांत गोठणं-वितळणं त्याला हातभार लावतं. हिवाळ्याअखेरीस वरचा थर बारीक कण्यांसारखा मोकळा होतो. तो दिसायला सुरेख, पण गवत नसेल तर वारा उचलून नेतो.

त्याच्या खाली चित्र बदलतं. दाणे जाऊन मोठे, कोनदार ठोकळे येतात, आणि आणखी खाली ठोकळे दोन्ही टोकांना निमुळते, तिरपे, पाचरीसारखे होतात. एक पाचर अलगद काढा आणि उन्हात धरून फिरवा. एक बाजू अशी चमकेल जणू कोणी ओल्या अंगठ्याने घासून पॉलिश केली आहे, आणि नीट पाहिलंत तर तिच्यावर एका दिशेने ओढलेल्या बारीक रेघा दिसतील. याला स्लिकनसाइड म्हणतात. भेगांत वरची माती पडते, पाणी आलं की माती फुगते, पण फुगायला जागा उरलेली नसते. म्हणून एक ठोकळा दुसऱ्यावर घासत सरकतो. क्षितिजाशी 10 ते 60 अंशांचा कोन करणारे हे पृष्ठभाग ठळकपणे दिसले, चिकणीचं प्रमाण 30 टक्क्यांहून जास्त असलं आणि दरवर्षी भेगा पडत असल्या, तर ती माती व्हर्टिसॉल या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातींच्या गटाकडे झुकते. नवख्याने इथे घाईने नाव देऊ नये. माळावरच्या कितीतरी माती या सीमेच्या अलीकडे-पलीकडे असतात.

मुळं कुठून जातात तेही पाहा. ठोकळ्याच्या आतून फारशी जात नाहीत, बाहेरून, सांध्यांमधून जातात आणि दाबाने कागदासारखी चपटी झालेली असतात. एखादं चपटं मूळ भिंगाखाली बघितलं की फुगण्याचा जोर किती असतो ते कुठल्याही आकड्यापेक्षा चांगलं कळतं.

आणखी खाली पांढरे ठिपके, पुंजके दिसू लागतात. थोडे चुनखडीचे, त्याच्या खाली बहुधा जिप्समचे. आणि मग हळूहळू शेल. ‘हळूहळू’ म्हणायचं कारण, इथे माती संपली आणि खडक सुरू झाला अशी रेघ नसते. आधी मातीत चकत्या येतात, मग चकत्यांत माती राहते, शेवटी पापुद्रे जसेच्या तसे, आडवे, एकावर एक. हा शेल फावड्याने नेटाने खणता येतो, पण मुळं त्यात फक्त फटींतून शिरतात. नकाशांत आणि अहवालांत या नरम खडकाच्या थराला ‘सीआर’ अशी खूण असते. फटींच्या कडांवर तांबूस-तपकिरी लोखंडाचे डाग किंवा पिवळी पूड दिसली तर टिपा. शेलमधल्या पायराइटला, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाला, हवा लागली आहे, त्याची ती खूण.

रंगासाठी मन्सेल रंगपट्टी, म्हणजे मातीचे रंग जुळवून बघायची पुस्तिका, असेल तर उत्तम. शेलच्या माती बहुधा 2.5Y किंवा 5Y या पानांवर, म्हणजे पिवळट-हिरवट करड्या छटांत सापडतात. नवख्यांची एक चूक नेहमीची: खालचा करडा रंग दिसला की ‘इथे पाणी साचतं’ असं लिहून मोकळे होतात. हा करडेपणा बहुतेकदा खडकाचाच असतो. पाणी साचण्याची खूण म्हणजे करड्यात तांबूस ठिपके आणि मुळांच्या नळ्यांभोवतीचे रंगीत कडे, आणि तेही शेलच्या बाहेर, मातीत.

पायरी 3: हाताने पोत ओळखणं

लिंबाएवढी माती घ्या, थेंब थेंब पाणी घालत मळा. मळल्यावर अंगठा आणि पहिल्या बोटामध्ये दाबत तिची पट्टी बाहेर काढा. 2.5 सेंटीमीटरच्या आत तुटली तर पोयटा, 5 पर्यंत गेली तर चिकण पोयटा, 5 च्या पुढे न तुटता लोंबली तर चिकण.

शेलच्या मातीत इथे हमखास फसगत होते. दोन मिनिटं मळून माती किरकिरीत लागते, पट्टी लवकर तुटते आणि तुम्ही ‘पोयटा’ लिहिता. प्रत्यक्षात ते किरकिरीत कण म्हणजे अजून न भिजलेले शेलचे बारीक तुकडे असतात. दहा मिनिटं मळत राहा, अधूनमधून पाणी घाला. किरकिर हळूहळू मावळते आणि पट्टी लांबत जाते. खालच्या थरांचे नमुने तर रात्रभर भिजत ठेवून मगच मळावेत.

बाटलीत माती-पाणी हलवून थर बघायचा प्रयोग लोकप्रिय आहे. या मातीसाठी मी तो सुचवत नाही. जिप्सम असेल तर चिकणीचे कण एकमेकांना धरून पुंजके करतात आणि झपाट्याने खाली बसतात. चिकण कमी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

पायरी 4: माती किती आकसते

चिकणीचं प्रमाण कळलं, पण ती कुठल्या जातीची चिकण आहे ते महत्त्वाचं. केओलिनाइट पाणी पिऊन फारशी फुगत नाही. स्मेक्टाइटच्या थरांच्या आत पाणी शिरतं आणि थर एकमेकांपासून लांब ढकलले जातात. एक ग्रॅम स्मेक्टाइटचा आतला-बाहेरचा पृष्ठभाग मिळून 700 ते 800 चौरस मीटर भरतो. समुद्राच्या गाळात ज्वालामुखीची राख पडली असेल तर ती कालांतराने बेंटोनाइट होते, आणि बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः स्मेक्टाइटच. पिअर शेलमध्ये असे फिकट पट्टे ठिकठिकाणी आहेत.

घरी मोजायची रीत सोपी आहे. दुसऱ्या थरातली माती चाळून चकत्या काढून टाका, मऊ कणकेसारखी मळा, बोटाएवढ्या जाडीच्या तीन कांड्या वळा. प्रत्येक कांडीवर बरोबर 10 सेंटीमीटरवर सुईने दोन खुणा करा. सावलीत दोन दिवस, मग उन्हात वाळू द्या आणि खुणांमधलं अंतर पुन्हा मोजा. ओली लांबी वजा सुकी लांबी, भागिले सुकी लांबी. समजा 10 चे 9.1 झाले, तर 0.9 भागिले 9.1, म्हणजे जवळपास 0.10. हा आकडा 0.03 च्या खाली असेल तर कमी, 0.06 पर्यंत मध्यम, 0.09 पर्यंत जास्त, त्याच्या पुढे फारच जास्त. मळलेल्या मातीचा आकडा नैसर्गिक ढेकळापेक्षा थोडा मोठा येतो, तेव्हा दशांशावरून वाद घालू नका. कांड्या वाळताना वाकल्या तर दोऱ्याने मोजा.

0.09 च्या पुढे गेलात तर तिथे कुंपणाचे खांब कलतात, पातळ पायाच्या भिंतींना तिरप्या भेगा पडतात, रस्त्यावर लाटा येतात. अशा जागी बांधकाम करायचं असेल तर हा लेख पुरेसा नाही, भू-तांत्रिक तपासणी करणारा अभियंता गाठा.

पायरी 5: पाणी शिरतं कसं, मिळतं किती

एक पत्र्याचा गोल डबा, दोन्ही बाजू कापलेला, जमिनीत 5 सेंटीमीटर ठोका. आत 25 मिलिमीटर पाणी ओता आणि मुरायला लागणारा वेळ लिहा. मग लगेच आणखी 25 मिलिमीटर. कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत पहिलं पाणी बघता बघता नाहीसं होतं. दुसरं किंवा तिसरं तासन्‌तास तसंच उभं. भेगा मिटल्या की चिकणमातीत पाणी मुरण्याचा स्थिर वेग ताशी 1 ते 5 मिलिमीटर इतकाच असतो. म्हणून एकच डबा, एकच वेळ मोजून ‘निचरा चांगला’ लिहिणारे आणि ‘निचरा वाईट’ लिहिणारे दोघेही आपापल्या परीने खरे असतात!

यातून एक विचित्र गोष्ट होते. लांब कोरड्या काळानंतरच्या जोरदार पावसाचं पाणी भेगांतून थेट खाली जातं आणि माती तळाकडून ओली होते, मधला भाग कोरडाच. उलट बारीक सरी वरच्या बोटभर थरात अडकतात आणि दोन दिवसांत उडून जातात.

माती पाणी भरपूर धरते, पण सगळं झाडाला देत नाही. ढोबळमानाने, पूर्ण भिजून निथळल्यावर चिकणमातीच्या आकारमानाच्या 40 टक्के पाणी असलं तरी त्यातलं आकारमानाच्या सुमारे 25 टक्के इतकं पाणी एवढं घट्ट धरलेलं असतं की झाडं सुकायला लागतात तेव्हाही ते तिथेच असतं. हाताला ओलसर लागणाऱ्या मातीत कोमेजलेलं रोप दिसलं तर गोंधळू नका. त्यात शेल 40 सेंटीमीटरवर असेल तर हा उरलेला साठाही तेवढ्याच जाडीपुरता. खांद्यावरचं गवत पायथ्याच्या गवताआधी पिवळं पडतं त्याचं कारण हेच.

पायरी 6: तीन पांढऱ्या गोष्टी

खड्ड्यातले पांढरे पुंजके तीन प्रकारचे असू शकतात आणि तिघांचा अर्थ वेगळा.

चुनखडी असेल तर व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बुडबुडे येतात. प्रयोगशाळेत यासाठी 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. मंद फेस असेल तर कान जवळ नेऊन ऐका, डोळ्यांआधी कानाला कळतं. जिप्समला फेस येत नाही. त्याचे स्फटिक नखाने ओरखडतात, मोठे असले तर काचेसारखे चपटे निघतात आणि उन्हात लुकलुकतात. पायराइटमधून निघालेलं गंधकाम्ल चुन्याला भेटलं की जिप्सम तयार होतं, म्हणजे हे स्फटिक खड्ड्यात घडलेल्या रसायनाची पावती आहेत. तिसरं, विरघळणारं मीठ. ते बहुधा वरच्या बाजूला, वाळलेल्या भिंतीवर दोन-चार दिवसांनी पिठासारखं फुलून येतं आणि पाण्याच्या थेंबात नाहीसं होतं.

सोडियमची शंका असेल, आणि पहिल्या पायरीतल्या त्या पांढुरक्या चट्ट्याबद्दल ती असायलाच हवी, तर मृदाशास्त्रज्ञ एमर्सन यांनी 1967 मध्ये मांडलेली चाचणी करा. वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ उर्ध्वपातित पाण्यात अलगद सोडा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार निकाल बिघडवतात. पावसाचं स्वच्छ पाणी चालेल. हलवू नका. ढेकूळ फुटून ढीग झालं आणि पाणी नितळ राहिलं तर ते नुसतं ढासळणं. ढेकळाभोवती दुधाळ वलय पसरलं तर चिकण सुटी होऊन पाण्यात तरंगते आहे, आणि त्यामागे बहुधा सोडियम असतो. दहा मिनिटांनी आणि दोन तासांनी, दोनदा बघा.

अशा जमिनीला चोपण म्हणतात. ओली असताना बुळबुळीत, सुकली की सिमेंट. रूढ सीमारेषा अशी: विनिमयक्षम सोडियम (चिकणीच्या कणांना चिकटलेल्या, अदलाबदल होऊ शकणाऱ्या मूलद्रव्यांत सोडियमचा वाटा) 15 टक्क्यांच्या वर गेला तर चोपण, आणि मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर खारवट. चोपणावर जिप्सम घालतात हे खरं, पण खड्ड्यात 50 सेंटीमीटरवर जिप्समचे स्फटिक लकाकत असतील तर विकतचं जिप्सम आणण्याआधी थांबा. अडचण बहुधा जिप्सम नसण्याची नाही, पाणी खाली उतरत नसण्याची आहे.

पायरी 7: जनावरं चरणार असतील तर

काही समुद्री शेलांत सेलेनियम असतो. 1856 साली मिसुरी नदीकाठच्या फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावर घोड्यांचे आयाळ-शेपटीचे केस गळू लागले आणि खूर सुटू लागले. तिथल्या शल्यचिकित्सकाने ते टिपून ठेवलं. कारण सापडायला 1930 चं दशक उजाडावं लागलं. काही वनस्पती, उदाहरणार्थ टू-ग्रूव्हड मिल्कव्हेच, सेलेनियम अंगात साठवतात आणि अशा जमिनीतच जोमाने वाढतात. त्यांना चिरडल्यावर लसणासारखा उग्र वास येतो. चाऱ्याच्या सुक्या वजनात सेलेनियम सतत दर दशलक्ष भागांत 5 भागांहून जास्त असेल तर जनावरांना धोका मानतात. नवीन माळावर चराई सुरू करण्याआधी मातीची नव्हे, चाऱ्याची तपासणी करून घ्या. मातीतला एकूण सेलेनियम आणि गवतात चढणारा सेलेनियम यांचा मेळ बसतोच असं नाही.

पायरी 8: काय करावं, काय टाळावं

वाफसा हातात मोजता येतो. ज्या खोलीपर्यंत अवजार जाणार त्या खोलीवरची माती घ्या आणि तळहातावर वळा. 3 मिलिमीटर जाडीची दोरी न तुटता वळली तर माती अजून ओली आहे, अवजार, गाडी, जनावर सगळं बाहेर ठेवा. त्या जाडीला येताना दोरी तुटू लागली तर चालेल. शेलच्या चिकणीत हा योग्य काळ फार थोडा टिकतो. काल चिखल, परवा वीट.

ओल्यात दाबली गेलेली ही माती पुढच्या एक-दोन भेगांच्या चक्रात थोडी स्वतःच सुटते, हा तिचा मोठा गुण. पण शेलच्या चकत्यांचा थर नांगराने वर आणू नका, तो पहिल्याच पावसात पापुद्रा धरतो. चिकण हलकी करायला वाळू मिसळायचा सल्ला सर्रास दिला जातो. थोडी वाळू घालून काही होत नाही, आणि परिणाम दिसावा इतकी घालायची तर निम्मी जमीन बदलावी लागेल. खांद्याचं गवत मोडून पेरणी करण्याचा मोह तर सर्वस्वी टाळा. तिथली माती गेली की खाली फक्त चकत्यांचा ओघळ उरतो.

शेवटचं, प्रयोगशाळेत नमुना पाठवताना. प्रत्येक थराचा वेगळा नमुना, अर्धा किलो, सावलीत वाळवलेला. खड्ड्याची जागा, उतारावरचं स्थान आणि खोली चिठ्ठीवर पेन्सिलीने, कारण शाई ओल्या पिशवीत फुटते. सोबत एक ओळ ठळक लिहा: ‘जिप्सम आढळलं आहे.’ त्याने तीन आकडे चुकण्यापासून वाचतात. पोत मोजण्याआधी ते जिप्सम धुऊन काढतील, नाहीतर चिकण कमी भरते. विनिमयक्षम कॅल्शियम काढताना विरघळलेलं जिप्सम ते वेगळं धरतील. आणि विद्युतवाहकता 2 च्या आसपास आली तर ती खारवटपणाची म्हणून तुम्ही दचकणार नाही. जिप्समने संपृक्त झालेलं नुसतं पाणीच साधारण तेवढं दाखवतं.